५० लिटरची बॅग, ४० दिवसांचा रन: परफ्यूजन आणि सलग कॅप्चरच्या नोंदी

पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका पायलट प्लांटमधल्या या नोंदी आहेत. परफ्यूजन म्हणजे पेशी आत ठेवून ताजा मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) सतत घालत आणि वापरलेला काढत राहणं; सलग कॅप्चर म्हणजे त्यातली अँटिबॉडी न थांबता कॉलमवर पकडणं. सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयाच्या) पेशी, एक बायोसिमिलर अँटिबॉडी, ५० लिटरचा डिस्पोजेबल बायोरिॲक्टर, पेशी आत अडवून ठेवायला एटीएफ (पोकळ फायबरचा फिल्टर, ज्यात एक पडदा द्रव मागे-पुढे हलवतो) आणि पुढे अँटिबॉडी धरणारे प्रोटीन-एचे तीन कॉलम. माल विकायचा नव्हता. सगळी साखळी न थांबता चालते का, एवढंच पाहायचं होतं. पेशी कशा वाढवायच्या हे बहुतेक लॅबना ठाऊक असतं. आमचं घोडं अडलं ते नळ्या, हवा, वजन आणि वेळेच्या गणितापाशी, म्हणून नोंदींत त्यांचीच बडबड जास्त आहे.

२८ एप्रिल २०२५

आधी गुणाकार. मिलिलिटरला ५ कोटी पेशी टिकवायच्या आणि प्रत्येक पेशीला दिवसाला ३० पिकोलिटर ताजा मीडिया द्यायचा, तर रोज बॅगेच्या दीडपट मीडिया लागतो. म्हणजे दिवसाला ७५ लिटर. त्यातले ५ लिटर पेशींसकट ब्लीड म्हणून बाहेर, उरलेले ७० हार्वेस्ट, म्हणजे पेशी गाळून काढलेला द्रव. कागदावर हा आकडा साधा वाटतो. प्रत्यक्षात २०० लिटरची मीडिया बॅग अडीच दिवसांत रिकामी होते, एक वापरात असताना दुसरी तयार लागते, आणि भरलेली ट्रॉली दोन क्विंटलच्या पुढे जाते. आमच्या कोल्डरूमला उंबरठा आहे आणि ट्रॉली त्यावरून जाईना. शेवटी रिकामी बॅग आत मांडायची आणि भिंतीतल्या पोर्टमधून, फिल्टरमधून मीडिया सोडत ती आतच भरायची, असं ठरलं. फेड-बॅचला (एकदाच भरून माल शेवटी काढायच्या पद्धतीला) एकदा बॅग भरली की मीडियावाले सुटतात. इथे त्यांची सुटका नाही, हे त्यांना आजच सांगून टाकलं.

दुसरी गोष्ट ऑर्डरची. स्टॉकमधल्या बॅगेला एटीएफसाठी एकच पोर्ट होतं. दोन पोर्टवाली बॅग बनवून यायला कित्येक महिने लागणार होते. म्हणून एका पोर्टवर जाड, जाळी घातलेल्या नळीचा वाय-जोड आणि दोन ॲसेप्टिक कनेक्टर लावून घेतले. ही नळी वेल्डरमध्ये (नळ्या निर्जंतुकपणे जोडणाऱ्या यंत्रात) बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या एटीएफची सोय रन सुरू व्हायच्या आधीच करावी लागते. साधी मऊ नळी इथे चालत नाही. एटीएफ ओढून घेताना ती चपटी होते.

६ मे

पहिली बॅग लीक टेस्टला नापास. स्पार्जरच्या (आत हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागाच्या) पोर्टजवळ, घडीच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक. बॅग एसी स्टोअरमधून थेट आणून उलगडली होती. थंड फिल्म कडक असते आणि घडीवर ताण येतो. पुरवठादारानं फोटो मागवले, सुटे भाग तपासले आणि हाताळणीतला दोष म्हणून बदली नाकारली. जवळपास दोन लाख रुपये गेले. दुसरी बॅग आदल्या दिवशी बाहेर काढून टेबलावर ठेवली, दोघांनी मिळून उलगडली, पास झाली.

या लॉटच्या फिल्मवर पेशी वाढतात का, तेही पाहून घेतलं: बॅगेत तीन दिवस मीडिया ठेवून त्यावर फ्लास्कमध्ये पेशी वाढवल्या. २०१३ मध्ये अ‍ॅम्जेनच्या संशोधकांनी दाखवलं होतं की काही पॉलिथिलीन फिल्ममधलं इर्गाफॉस १६८ हे अँटिऑक्सिडंट गॅमा किरणांनंतर मोडून त्यातून पेशींची वाढ रोखणारा पदार्थ मीडियात उतरतो. फिल्म उत्पादकांनी त्यानंतर बरंच सुधारलं आहे. तरी चाचणीला चार फ्लास्क लागतात आणि खर्च नगण्य आहे. आमच्या लॉटला काही अडचण नव्हती.

१४ मे

इनॉक्युलेशन, म्हणजे बॅगेत पेशी सोडल्या. सांगण्यासारखं काही नाही.

१७ मे

परफ्यूजन सुरू केलं आणि लगेच लेव्हल कंट्रोल वेडावला. बॅग लोड सेलवर (वजनकाट्यावर) आहे, एटीएफ स्वतंत्र स्टँडवर. एटीएफचा पडदा प्रत्येक झटक्याला साधारण एक लिटर द्रव बॅगेतून ओढतो आणि परत ढकलतो. त्यामुळे वजन सतत किलोभर वर-खाली होतं आणि हार्वेस्ट पंप त्या प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत धावतो-थांबतो. वजनाची सरासरी एटीएफच्या बऱ्याच फेऱ्यांवर घ्यायला लावली, तेव्हा पंप शांत झाला.

लोड सेलचंच आणखी एक. दुपारी कुणीतरी मीडियाची नळी नीट दिसावी म्हणून झिप-टायनं ट्रॉलीच्या दांड्याला बांधली. नळी ताणली गेली, काट्यावर ८०० ग्रॅमचा फरक पडला, आणि कंट्रोलरनं इमानेइतबारे तेवढा द्रव जास्त काढून टाकला. आता बॅगेकडे जाणारी प्रत्येक नळी सैल लोंबती ठेवतो आणि जमिनीवर पिवळी पट्टी मारून ‘इथे टेकू नका’ असं लिहिलं आहे.

२० मे

संध्याकाळी वळवानं झोडपून काढलं आणि वीज गेली. जनरेटर अर्ध्या मिनिटात आला. रिॲक्टरचा आणि एटीएफचा कंट्रोलर यूपीएसवर होते, स्क्रीनवर सगळं हिरवं. पण एटीएफचा पडदा हवेच्या दाबावर आणि व्हॅक्यूमवर हलतो. कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता आणि त्याला हातानं रिसेट लागतो. युटिलिटीचे काका भर पावसात आवार ओलांडून गेले. परत आल्यावर भिजलेला रेनकोट खुंटीला अडकवत म्हणाले, “मॅडम, कॉम्प्रेसर यूपीएसवर कधीच नव्हता. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

यात वीस-बावीस मिनिटं गेली. ढवळणं आणि ऑक्सिजन लगेच परत आला म्हणून बॅगेतल्या पेशी वाचल्या. ५ कोटी घनतेला विरघळलेला ऑक्सिजन अर्ध्या मिनिटात संपतो. आज घनता निम्मी होती म्हणून मिनिटभर तरी मिळालं. खरं नुकसान फायबरमध्ये झालं. पडदा थांबला तरी हार्वेस्ट पंप चालूच राहिला. उलटा प्रवाह नाही, त्यामुळे पेशी फायबरच्या भिंतीवर दाबल्या जाऊन तिथेच गुदमरल्या. व्हायेबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९६ वरून ९१ टक्क्यांवर आली आणि फिल्टरवरचा दाब वाढला तो पूर्ववत झालाच नाही.

केलेले बदल: एटीएफचा दाब पडला की हार्वेस्ट पंप बंद, हा इंटरलॉक. कॉम्प्रेसरच्या लाईनला नायट्रोजन सिलेंडर, दाब पडला की आपोआप त्यावर जाणारा मॅनिफोल्ड. छोटा व्हॅक्यूम पंप यूपीएसवर. सगळं मिळून ४० हजारांच्या आत. पहिल्या बॅगेच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

२४ मे

ठरलेली घनता गाठली आणि फेस आला. एक्झॉस्ट फिल्टर ओला झाला, बॅगेतला दाब २० मिलिबारवर गेला आणि इंटरलॉकनं गॅस तोडला. बॅग फुटण्यापेक्षा ते बरं, पण गॅस तुटला की डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) दगडासारखा खाली जातो. दुसरा एक्झॉस्ट फिल्टर समांतर लावलेला होता, त्यावर वळवून सुटलो. फिल्टरचा हीटर चालू होता, पण त्याचं जॅकेट घसरून फिल्टरच्या निम्म्याच भागावर उरलं होतं.

फेस कमी करायला दोन उपाय केले. एक: बारीक बुडबुड्यांच्या स्पार्जरमधून जाणारी हवा कमी करून त्या जागी शुद्ध ऑक्सिजन, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला मोठ्या भोकांचा स्पार्जर. हा उपाय चांगला लागू पडला. दोन: सिलिकॉनचं अँटिफोम, अगदी थोडं. हा उपाय लगेच लागू पडला, आणि त्याची किंमत पुढे मोजली.

२९ मे, गुरुवार

पहाटे हार्वेस्टच्या नळीला पंपाच्या पुढे चीर गेली. पावणेचार तासांत जवळजवळ ११ लिटर हार्वेस्ट जमिनीवर, म्हणजे तेरा ग्रॅम अँटिबॉडी. अलार्म एकही वाजला नाही. कारण पंप फिरत होता, बॅगेचं वजन अचूक होतं, कंट्रोलरच्या लेखी सगळं आलबेल. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या बुटाला ओल लागली तेव्हा कळलं. चीर एटीएफच्या ०.२ मायक्रॉनच्या फायबरपलीकडे होती, म्हणून रिॲक्टर निर्जंतुक राहिला. हीच चीर मीडियाच्या नळीला गेली असती तर रन तिथेच संपला असता.

पेरिस्टाल्टिक पंपाखाली नळीचा एकच भाग दिवसरात्र चेपला जात असेल तर तो आधी चपटा होतो. मागच्या दोन दिवसांचे आकडे काढले, तर त्याच प्रवाहासाठी पंपाचा वेग आठ-नऊ टक्क्यांनी चढत गेलेला स्पष्ट दिसतो. नळी आधीपासून सांगत होती. आता प्रत्येक पंपाला मीटरभर जास्तीची नळी ठेवली आहे. रोज सकाळी पंप क्षणभर थांबवून नळी वीतभर पुढे सरकवायची आणि नळीवर मार्करनं तारीख टाकायची. दर तासाला ताळेबंद: मीडिया बॅग जितकी हलकी झाली तितकं हार्वेस्ट आणि ब्लीड मिळून जड व्हायला हवं. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की अलार्म.

जाता जाता: बदली नळी म्हणून स्टोअरमधून सिलिकॉनची आली. ती वेल्ड होत नाही. वेल्ड होणाऱ्या थर्मोप्लास्टिक नळीचा वेगळा, निळ्या टेपचा खण आज केला.

३ जून

पीएच वर ठेवणाऱ्या बेसची बॅग वेळेआधी संपली. वाढ मंदावली होती, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) चढली होती. सगळे मीडियाकडे बोट दाखवत होते, दोष निघाला सॅम्पलमध्ये. बॅगेतल्या पीएच मोजणाऱ्या ऑप्टिकल पॅचचा आकडा हळूहळू सरकतो, म्हणून रोज बाहेरच्या सॅम्पलशी जुळवतो. ॲनालायझर कॉरिडॉरच्या पलीकडे आहे. सिरिंज हातात घेऊन तिथवर जाईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात, आणि या घनतेला पेशी सिरिंजमध्येही श्वास घेतच असतात. पीएच वाटेतच ०.१ नं उतरतो. त्या खोट्या आकड्याला आम्ही पॅच जुळवत होतो आणि कंट्रोलर बिचारा बेस ओतत होता. ॲनालायझर उचलून रिॲक्टरशेजारी आणला. आता सॅम्पल मिनिटभरात आत जातं.

५ जून, गुरुवार

देखभालीसाठी वीज सकाळी बंद. नायट्रोजनवर पडदा हलत राहिला. ट्रेंडवर बारीकशी खाचसुद्धा नाही. काकांना चहा.

९ जून

आजवर हार्वेस्ट साठवत होतो, आज कॅप्चर जोडलं. २०० मिलिलिटरचे तीन प्री-पॅक्ड कॉलम. एकावर लोड चालतो, त्यातून निसटलेलं दुसरा धरतो, तिसरा तोवर वॉश, इल्यूशन (धरलेली अँटिबॉडी सोडवणं), कॉस्टिक सोड्यानं सफाई आणि पुन्हा इक्विलिब्रेशन (पुढच्या लोडची तयारी) उरकतो. ७० लिटर दिवसाला म्हणजे मिनिटाला ४९ मिलिलिटर. हार्वेस्टमध्ये लिटरला १.२ ग्रॅम, कॉलमवर ९ ग्रॅम घालायचे, तर लोड १५४ मिनिटं चालतो. तिसऱ्या कॉलमची कामं ११० मिनिटांत होतात. म्हणजे ४० मिनिटं हातात. रिॲक्टर आणि कॉलम यांच्या मध्ये हार्वेस्ट साठवणारी २० लिटरची सर्ज बॅग: कॅप्चर बंद पडलं तर जवळजवळ सात तास मिळतात.

बफरची कल्पना आधी नीट आली नव्हती. दिवसाला ५० लिटर लागतात. अँटिबॉडीपेक्षा पाणी इकडून तिकडे नेण्यातच माणसं दमतात.

इल्यूशनचे चार अंश एकत्र करून पीएच ३.६ ला तासभर, व्हायरस निष्क्रिय करायला. आम्ल घातल्यावर द्रव दुसऱ्या बॅगेत सारून मगच घड्याळ सुरू करतो. पहिल्या बॅगेच्या भिंतीवर, पातळीच्या वर, आम्ल न लागलेले थेंब राहू शकतात.

११ जून

अँटिफोमचं बिल आलं. फायबरवर थर चढून अँटिबॉडी बॅगेतच अडकायला लागली होती. हे उशिरा कळायचं कारण नीट लिहून ठेवते. फायबर अडवू लागलं की बॅगेतलं प्रमाण वाढत जातं, आणि प्रमाण वाढलं की हार्वेस्टमध्ये पुन्हा जवळपास तेवढंच येऊ लागतं. आज हार्वेस्टमध्ये लिटरला १.१५ ग्रॅम, बॅगेत १.९. एकट्या हार्वेस्टचा तक्ता पाहिला तर बिघाड दिसतच नाही. फक्त ब्लीडमधून जाणारा माल सात टक्क्यांवरून साडेदहा टक्क्यांच्या वर गेलेला. दोन्हीकडची मोजमापं रोज घ्या, एक पुरत नाही.

दुपारी वाय-जोडावरून दुसऱ्या एटीएफवर गेलो. पेशी शांत, दाब शून्याजवळ. आम्ही खूश.

मग कॅप्चर बिघडलं. बॅगेत साठलेली अँटिबॉडी नव्या फायबरमधून एकदम सुटली आणि हार्वेस्ट १.८ वर गेलं. कॉलमचा लोड ठराविक आकारमानावर बांधलेला होता. त्यामुळे कॉलमवर ९ च्या जागी तेरा ग्रॅमहून जास्त चढायला लागले, दुसऱ्या कॉलमनं धरता येईल तेवढं धरलं आणि उरलेलं वेस्टमध्ये. पाच-सात ग्रॅम गेले. वेस्टचं सॅम्पल सहज लावलं होतं म्हणून कळलं.

रात्री लोडचा हिशेब ग्रॅमवर आणला: कॉलमच्या आधीच्या आणि नंतरच्या यूव्ही (अतिनील प्रकाशानं प्रथिन मोजणाऱ्या) आकड्यांतल्या फरकावरून. पण १.८ ला ९ ग्रॅम १०३ मिनिटांतच भरतात आणि तिसऱ्या कॉलमला ११० लागतात. म्हणून दर फेरीला सात मिनिटं लोड थांबतो आणि हार्वेस्ट सर्ज बॅगेत थांबतं, तीनेकशे मिलिलिटर. बॅगेच्या मानानं किरकोळ. पाचेक तासांत प्रमाण उतरून थांबणं आपोआप बंद झालं. फायबर बदलायचं असेल तर इथून पुढे कॅप्चरवाल्यांना आदल्या पाळीत कळवायचं.

१६ जून

सर्ज बॅगेच्या सॅम्पलमध्ये १० मिलिलिटरला जंतूंच्या चार वसाहती. रिॲक्टर साफ. रिॲक्टरच्या बाजूला सगळं बंदिस्त आणि गॅमा दिलेलं (गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं) असतं, पण प्री-पॅक्ड कॉलम आमच्याकडे तसे नाहीत आणि आठवडाभर सामान्य तापमानाला ओले बसले आहेत. शोधता शोधता संशय कॉलमच्या आधीच्या एका हातानं घट्ट केलेल्या क्लॅम्प-जोडावर आला. तो काढून सलग नळी वेल्ड केली, कॉलमच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर घातला आणि ०.५ मोलर सोड्याचा मुक्काम पंधरा मिनिटांनी वाढवला. ११० चे १२५ झाले. १५४ मध्ये बसतात, पण फट दोन तृतीयांशच राहिली.

यावरून क्यूएशी (गुणवत्ता विभागाशी) बैठक. त्यांनी ऑलस्टनचा विषय काढला, आणि बरोबरच काढला. २००९ साली जेन्झाइमच्या त्या कारखान्यात परफ्यूजन रिॲक्टरमध्ये वेसिव्हायरस २११७ सापडला, उत्पादन थांबवावं लागलं आणि सेरेझाइम, फॅब्राझाइमवर असलेल्या रुग्णांना औषध पुरेना. लांब रनमध्ये दूषित माल नेमका कुठून कुठपर्यंत फेकायचा, हे आधी ठरलेलं नसेल तर सगळाच जातो. आयसीएच क्यू१३ (सलग उत्पादनावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) बॅचची व्याख्या वेळेवर किंवा प्रमाणावर करू देतं. आम्ही सात दिवसांचा एक लॉट धरला. प्रत्येक लॉटच्या सीमेवर सर्ज बॅग बदलायची, नाहीतर दोन लॉट तिच्यात मिसळतात आणि कागदावरची सीमा कागदावरच राहते. ही बॅग दर आठवड्याला लागणार, हे खर्चात धरलं नव्हतं.

२० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. दापोडी आणि दिघीकडचे रस्ते बंद, दिवसपाळी यायचा प्रश्नच नव्हता. रात्रपाळीचे चौघे काल संध्याकाळीच डबे आणि चादरी घेऊन आले. माणसांपेक्षा चिंता सिलेंडरची होती. या घनतेला ऑक्सिजनचं ७ घनमीटरचं सिलेंडर पाच-सहा दिवस पुरतं आणि चालू सिलेंडर आजच संपणार होतं. पुरवठादाराला सोमवारीच सांगून दोन उतरवून घेतले. आज एका ऑपरेटरची आई वारीत होती. त्यानं दुपारी दीड तास मागितला, दिला.

२३ जून

रन बंद. घनता, व्हायेबिलिटी शेवटपर्यंत ठीक. ठरलेले ४० दिवस झाले म्हणून थांबवलं. पेशी मारून बॅगा, नळ्या, फायबर ऑटोक्लेव्ह केले, मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत. ऑटोक्लेव्हमध्ये फुगलेल्या बॅगा एकमेकींना चिकटतात आणि आतपर्यंत वाफ पोचत नाही. आधी चिरून, घडी न घालता भरा. एका लोडचं काम दोन दिवस चाललं.

२७ जून

हिशेब. मीडिया २,६०० लिटरच्या आसपास, लिटरला साधारण १,२०० रुपये: एकतीस लाख. बॅगा, एटीएफ, नळ्या, कनेक्टर मिळून त्याच्या निम्म्याहून कमी. सगळे बॅगांच्या किमतीबद्दल कुरकुरतात, पण पैसा पितो तो मीडिया. हार्वेस्टमध्ये एकूण अडीच किलोच्या जवळ अँटिबॉडी आली. याच ५० लिटरमध्ये, याच काळात, फेड-बॅचच्या तीन बॅचमधून पाऊण किलो मिळाली असती, पण दीडशे लिटर मीडियात. जागा कमी असेल आणि माल जास्त हवा असेल तर परफ्यूजन परवडतं. रिकाम्या टाक्या पडून असतील तर आधी पेशीमागचे ३० पिकोलिटर २० वर आणता येतात का ते पाहा. मीडियाचं बिल एक तृतीयांशानं उतरतं.

पुढच्या रनची ऑर्डर आज गेली: दोन पोर्टवाली बॅग, गॅमा दिलेले कॉलम, आठवड्याला एक या हिशेबानं सर्ज बॅगा. अँटिफोम यादीत नाही. कोल्डरूमच्या उंबरठ्याला रॅम्प मंजूर झाला आहे, फॅब्रिकेटर गुरुवारी माप घ्यायला येतो म्हणाला.